गुलाबांच्या वाफ्यात लव्हाळा: कोणतं तणनाशक मारू?

प्रश्न: साताऱ्याजवळ आमचं छोटं घर आहे. पुढच्या अंगणात गुलाब, कडेने जास्वंद, मोगरा आणि कर्दळ, नळाजवळ गवती चहा. पाऊस सुरू झाला की लव्हाळा, हराळी आणि केना इतका माजतो की झाडं दिसेनाशी होतात. वय सत्तरीकडे झुकलंय, गुडघ्यांमुळे खुरपायला बसता येत नाही. म्हणून जूनच्या शेवटी कृषी सेवा केंद्रातून ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली आणली. माळीकाकांनी आधी सगळं गवत विळ्याने कापलं आणि दोन दिवसांनी शेजारच्या शेतातला पंप आणून फवारलं. आठवडाभरात अंगण पिवळं पडलं, आम्ही खूश. आता दीड महिन्याने लव्हाळा पहिल्यापेक्षा दाट आलाय, केना तर मेलाच नव्हता, आणि गुलाबांच्या नव्या फुटीची पानं दोऱ्यासारखी बारीक येतायत. एक झाड वाळलं. बाकीचे गुलाब वाचतील का? माती बिघडली का? फुलझाडांना धक्का न लावता फक्त तण मारणारं औषध कोणतं? कोणी मीठ आणि व्हिनेगर सुचवतंय, ते चालेल का? घरात चार वर्षांची नात आहे, तिचीही काळजी वाटते.
– एक वाचक, सातारा

ताई, आधी गुलाबांचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

दोऱ्यासारखी बारीक, फिकट पानं आणि एकाच डोळ्यातून झुबक्याने आलेली खुरटी फूट, ही ग्लायफोसेट झाडाच्या अंगात गेल्याची ओळखीची खूण आहे. तरी एकदा हातात पान घेऊन नीट बघा. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स लागले तरी गुलाबाची कोवळी पानं वाकडी होतात, पण तेव्हा पानावर खरवडल्यासारखे चट्टे दिसतात आणि कडा तपकिरी पडतात. पानं वाटीसारखी वळली असतील, देठ आणि शेंडे पिळवटल्यासारखे झाले असतील, तर संशय 2,4-डी या रुंद पानांची तणं मारणाऱ्या तणनाशकावर घ्या. तो पंप शेतातला आहे आणि तुमच्या भागात ऊस-गव्हात 2,4-डी सर्रास मारतात. पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये राहिलेला त्याचा अंशसुद्धा गुलाबाला पुरतो. शेजाऱ्यांना विचारा, पंपात त्याआधी काय होतं. तुमच्या वर्णनावरून मला ग्लायफोसेटच वाटतंय, पण हे विचारून घ्या.

माळीकाका म्हणतील, मी गुलाबाच्या पानांवर मारलंच नाही. ते खरंही असेल. पण गुलाबाच्या काड्या बघा, त्या हिरव्या असतात. जास्वंदीचं जुनं खोड तपकिरी, जाड सालीचं असतं, त्यावर चार थेंब उडाले तर सहसा काही बिघडत नाही. गुलाबाची हिरवी साल मात्र पानासारखीच औषध आत ओढून घेते. बुंध्यातून, कलमाच्या खालून येणारे रानटी फुटवे तर थेट दरवाजाच. त्यांच्यावर पडलेलं औषध मुळांपर्यंत जातं आणि तिथून वरच्या कलमात येतं. ते शेंड्याच्या वाढत्या टोकांत जाऊन बसतं, म्हणून जुनी पानं ठणठणीत दिसतात आणि नवी फूट बिघडते. तुमच्या गुलाबांत नेमकं हेच झालेलं दिसतंय.

जे झाड पूर्ण वाळलंय, त्याची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं नसेल तर काढून टाका. बाकीचे वाचण्याची बरीच आशा आहे. दोऱ्यासारखी फूट आलेल्या काड्या खालच्या निरोगी डोळ्यापर्यंत छाटा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका आणि युरिया किंवा टॉनिक देऊन झाडाला पळवायला जाऊ नका. आजारी झाडाला आत्ता खत नको, विश्रांती हवी. ऑक्टोबरमध्ये आपण गुलाबाची छाटणी करतोच, तेव्हा व्यवस्थित छाटा. त्यानंतरची पानं रुंद, नेहमीसारखी आली तर झाड सावरलं. तेव्हाही बारीकच आली तर त्या झाडात वेळ घालवू नका.

माती बिघडलेली नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना, विशेषतः चिकणमातीला, घट्ट चिकटतं आणि तिथे त्याचा जोर संपतो. गुलाबाने ते मुळांवाटे मातीतून उचललं असण्याची शक्यता फार कमी. याच कारणाने गढूळ पाण्यात कालवलेलं ग्लायफोसेट नीट काम करत नाही आणि धूळ बसलेल्या पानांवरही ते वाया जातं.

आता लव्हाळा परत का आला ते. माळीकाकांनी आधी विळा चालवला आणि मग फवारलं, तिथेच गणित चुकलं. तण उगवल्यावर मारायची तणनाशकं पानांतून आत जातात. पानंच कापून टाकली तर औषध जाणार कुठून? दोन दिवसांत फुटलेल्या बोटभर कोंबांवर जेवढं पडलं तेवढंच आत गेलं. लव्हाळ्याचा खरा संसार जमिनीखाली असतो. एकदा पावसानंतर माती मऊ असताना खुरप्याने खोल जाऊन एक लव्हाळा अख्खा काढा. तारेसारख्या काळपट मुळीवर माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने गाठी दिसतील. प्रत्येक गाठीला अनेक डोळे असतात. वरचा कोंब जिवंत असेतो बाकीचे बरेचसे डोळे झोपलेले राहतात. कोंब मेला, उपटला किंवा माळ तुटली की ते जागे होतात. म्हणून लव्हाळा नुसता ओढून काढला की पुढच्या आठवड्यात दुप्पट दिसतो आणि आपल्याला वाटतं, याला मरणच नाही.

केन्याचं दुखणं वेगळं. निळ्या इवल्या फुलांचा हा केना मुळातच ग्लायफोसेटला दाद देत नाही. शिवाय तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. तो हातानेच काढावा लागतो, आणि काढलेला वाफ्यातच टाकला तर दमट मातीत पेराला मुळं फुटून पुन्हा उभा राहतो. घमेल्यात गोळा करून अंगणाबाहेर न्यायला सांगा.

तुमचा मुख्य प्रश्न, फुलझाडांना सोडून फक्त तणाला मारणारं औषध. असं औषध नाही, ताई. दुकानदार काहीही म्हणो. तणनाशकाला ‘हे तण, हे फूल’ असं कळत नाही. काही तणनाशकं हिरवं दिसेल ते मारतात, ग्लायफोसेट त्यातलंच. काही फक्त ठरावीक कुळातल्या वनस्पतींना मारतात. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या अंगणातलं तण कोणत्या कुळातलं आहे ते ओळखायला हवं. तुमच्याकडे एकाच वाफ्यात तीन वेगळी कुळं नांदतायत, त्यामुळे एका बाटलीत काम होणारच नाही.

ओळखायला सोपं आहे. दांडा अंगठा आणि बोटामध्ये धरून फिरवा. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा असतो, बोटाला कडा लागतात, मध्ये पेरं नसतात. हराळीचा दांडा गोल, पेरापेराचा, आणि प्रत्येक पेर जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरणारा. केना मांसल, रुंद पानांचा, पानाचा तळ दांड्याला गुंडाळलेला. गावाकडे तिन्हींना सरसकट ‘गवत’ म्हणतात, पण यातली हराळी एकटीच खरं गवत आहे. हा फरक ध्यानात न घेता घेतलेलं औषध वाया जातं.

हराळी आणि इतर खऱ्या गवतांसाठी क्विझालोफॉप इथाईल 5 टक्के ईसी (म्हणजे पाण्यात कालवायचं द्रावण) हे तणनाशक बाजारात मिळतं. सोयाबीन, कापूस, भुईमूग, कांदा या पिकांत शेतकरी ते उभ्या पिकावरून मारतात. गवत मरतं, पीक राहतं, कारण ते फक्त तृणकुळातल्या वनस्पतींचा वाढणारा कोंब कुजवतं. लागू पडलं की नाही हे लगेच कळत नाही. आठ-दहा दिवसांनी गवताचं मधलं पान हळूच ओढा. ते अलगद हातात आलं आणि खालचं टोक तपकिरी, कुजलेलं दिसलं, तर काम झालं. सोयाबीनसाठी त्याची मात्रा एकरी साधारण 400 मिली, 200 लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला 2 मिली. गवत दोन ते चार पानांवर असताना आणि जमिनीत वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे, असा असताना ते चांगलं चालतं. पाण्याच्या ताणाने सुकलेल्या गवतावर ते मारणं म्हणजे पैसे मातीत. हराळी बहुवर्षायू आहे, जुन्या हराळीला एका फवारणीत काही होत नाही.

पण इथे दोन गोष्टी अगदी स्पष्ट सांगते. एक, त्या बाटलीच्या लेबलवर गुलाब, मोगरा, कर्दळ यांचं नाव नाही. आपल्या देशात केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे ज्या पिकासाठी औषधाची नोंदणी झाली आहे त्याच पिकावर ते वापरायचं असा नियम आहे, आणि शोभेच्या झाडांसाठी नोंदलेली तणनाशकं आपल्याकडे नगण्य आहेत. त्यामुळे ‘फवारा’ असं मी तुम्हाला या सदरातून सांगणार नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात हराळीचा तुकडा आणि तुमच्या झाडांची यादी घेऊन जा, तिथल्या तज्ज्ञाला विचारा. दुसरी गोष्ट तुमच्या नळाजवळच्या गवती चहाची. तो गवताच्याच कुळातला. वाळा, बांबू, हिरवळ, कुंपणाला लावलेला ऊस, सगळे त्याच घरचे. हे तणनाशक त्यांच्यावर उडालं तर हराळीबरोबर तेही जातील. आणि लव्हाळा आणि केना मात्र त्याने मरणार नाहीत, हे पुन्हा सांगते, कारण ‘गवताचं औषध’ म्हणून लव्हाळ्यावर तेच गळ्यात मारलं जातं.

लव्हाळ्याचं औषध म्हणून हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के हे दाणेदार तणनाशक दाखवतात. ऊस आणि मक्यासाठी ते नोंदलेलं आहे आणि तिथे लव्हाळ्यावर खरंच चांगलं काम करतं, पण सावकाश. लव्हाळा पिवळा पडायलाच दोन आठवडे लागतात. ते पानांतून जातं आणि मातीतून मुळांवाटेही उचललं जातं. रुंद पानांच्या झाडांना त्याचा धोका आहे. तुमचे गुलाब आधीच एका तणनाशकातून सावरतायत. त्यांच्या पायाशी हे नको. वाफ्यातल्या लव्हाळ्याला तुमच्या अंगणापुरता उपाय हाताने करायचा आहे, आणि तो गुडघ्यांवर न बसता होतो.

गाठ रुजून कोंब वर आला की साधारण तीन आठवड्यांत खाली नव्या गाठी धरायला लागतात. त्याआधी कोंब कापला तर गाठीची शिदोरी कमी होते आणि नवी भरती होत नाही. म्हणून दर दोन आठवड्यांनी, न चुकता, लांब दांड्याचं हात-कोळपं, म्हणजे मातीच्या वरच्या थरात तण कापणारं अवजार, उभ्याउभ्याने फिरवायचं. महिनाभर गेला आणि मग जोरात खुरपणी केली, असं केलं तर लव्हाळाच जिंकतो. माळीकाका आठवड्याने येतातच, त्यांना एक आड एक आठवडा हे पहिलं काम द्या. गुलाबाची मुळं वरच्या थरात असतात, म्हणून बुंध्यापासून वीतभर अंतरात कोळपं नको, तिथे हातानेच काढायचं.

ज्या पट्ट्यात झाडं नाहीत, म्हणजे वाळलेल्या गुलाबाची जागा किंवा वाफ्यांमधली मोकळी जमीन, तिथे एप्रिल-मेमध्ये कुदळीने वीतभर खोल खणून घ्या आणि ढेकळं उन्हात उलटी पडू द्या. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये असतात आणि कोरडं ऊन त्यांना सोसत नाही. ढेकळं फोडताना सापडतील त्या गाठी वेचून घ्या. या गाठींचा वास ओळखीचा वाटेल, दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो तो याच्याच घराण्यातला. त्या खणलेल्या जागेला पाणी मात्र देऊ नका, नाहीतर सगळी मेहनत गेली.

सावली हे लव्हाळ्याचं दुसरं दुखणं. त्याला रखरखीत ऊन लागतं, दाट सावलीत तो खुरटतो. गुलाबांच्या मध्ये मोकळी माती ठेवायची आपल्याला हौस असते, दिसायला नीटनेटकं वाटतं. पण मोकळी माती म्हणजे तणाला आमंत्रणच. कडेला जमिनीलगत दाट पसरणारी झाडं लावा आणि मधल्या जागेवर उसाचं पाचट किंवा वाळलेल्या पानांचा चार बोटं जाड थर द्या, बुंध्यापासून थोडा लांब. पाचटाने हराळीचं आणि पावसाळी तणांचं बी उगवत नाही. लव्हाळा मात्र त्यातून टोक काढतो, प्लॅस्टिकच्या आच्छादनालाही भोक पाडतो. पण मऊ पाचटातून आलेला कोंब लगेच दिसतो, आणि ओली भुसभुशीत माती असली की गाठीसकट निघतो.

मीठ नको. हे मी आग्रहाने सांगते, कारण हा उपाय घरगुती असल्याने निरुपद्रवी वाटतो. मिठातला सोडियम तुमच्या काळ्या मातीत साठतो, माती चिकट होते, पाणी मुरत नाही, आणि गुलाबाची मुळं लव्हाळ्याच्या आधी गुदमरतात. ग्लायफोसेटने न बिघडलेली माती मिठाने बिघडेल. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर कोवळ्या रोपट्यांची पानं करपवतं, एवढंच. गाठीपर्यंत ते पोचत नाही, त्यामुळे लव्हाळा चार दिवसांत पुन्हा उभा राहतो. फरशीच्या फटीतल्या कोवळ्या तणावर उकळतं पाणी ओतणं त्यापेक्षा बरं, फक्त नात घरात असताना ते स्वतः करू नका.

तुमच्या हातात बाटली आहे म्हणून ग्लायफोसेटच्या नियमाबद्दलही सांगायला हवं. हे तणनाशक आपल्याकडे चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी नोंदलेलं होतं, फुलांच्या वाफ्यासाठी कधीच नव्हतं. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असं बंधन घातलं. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मत तसं नाही. हा वाद कुठेही जावो, तुमच्या अंगणात ते पुन्हा फवारण्याचं काही कारण मला दिसत नाही. कुंपणाबाहेर गाजर गवत वाढलं असेल तर फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. त्याने अंगाला खाज आणि पुरळ येतं, म्हणून उघड्या हाताने नाही. आणि कोणी ‘दोन तासांत करपतं’ म्हणून पॅराक्वाट हे तणनाशक आणून दिलं तर घराच्या फाटकातूनच परत पाठवा. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. नात खेळते त्या घरात त्याची बाटली क्षणभरही नको.

नातीचं म्हणाल तर जूनच्या फवारणीची भीती आता बाळगू नका, मधे एवढे पाऊस पडून गेले. पण यापुढे शेजारी, नगरपालिका किंवा कोणीही कुंपणाजवळ फवारलं तर त्या जागेत तिला जाऊ देऊ नका, आणि तिथली एक गोष्ट घरात आणू नका. गणपतीत मुलं दूर्वा खुडायला रस्त्याकडेला जातात. त्या दूर्वा म्हणजे ही हराळीच, आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला फवारलेलं असतं. ऋषिपंचमीच्या भाजीला घोळ, भज्यांना केन्याची पानं याच दिवसांत खुडतात. मारलेलं तण पहिले काही दिवस अगदी हिरवंगार दिसतं, म्हणून डोळ्यांनी ओळखता येत नाही. एका कुंडीत स्वच्छ मातीत मूठभर हराळी दूर्वांसाठी वेगळी वाढवा. कुंडीतच ठेवा म्हणजे ती जमिनीत उतरणार नाही.

माळीकाकांना लांब बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि गमबूट घेऊन द्या. तुम्ही पत्रात फवारणीचं सगळं लिहिलंत, पण त्यांनी हातापायात काय घातलं होतं ते लिहिलं नाहीत. लव्हाळा काढायला हातमोजे-बूट लागतीलच, आणि पावसाळ्यात वाफ्यात सापासारखी जनावरंही असतात. जूनमध्ये फवारताना त्यांनी उघड्या हाताने औषध कालवलं असेल तर पुरळ, डोळ्यांची जळजळ असं काही झालं होतं का ते विचारा. झालं असेल तर डॉक्टरांकडे जाताना बाटलीचं लेबल बरोबर न्यायला सांगा.

राहिलेली बाटली मूळ झाकण आणि लेबलसकट कुलुपात ठेवा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत अजिबात ओतू नका. गटारात, ओढ्यात, नळाजवळ रिकामी करू नका. कृषी विज्ञान केंद्रात जाल तेव्हा ती कुठे जमा करायची तेही विचारून घ्या, आणि जाताना गुलाबाची एक बिघडलेली फांदी ओल्या कागदात गुंडाळून न्या, म्हणजे 2,4-डीची शंकाही तिथेच मिटेल.